नवा पूल, लकडी पूल आणि आमचा वाडा

परवा शनिवारी ऑफिसातला एक नवा मुलगा माझ्या गाडीत होता. लखनौचा आहे, पुण्यात येऊन चार महिने झालेत आणि या चार महिन्यांत त्याने हिंजवडी सोडून काही पाहिलेलं नाही. त्याला शनिवारवाडा बघायचा होता, मला शनिवार पेठेत आत्याकडे जायचं होतं. म्हटलं चल, नव्या पुलावरून जाऊ.

पुलाच्या दगडी कमानी लांबून दिसल्या तसा तो म्हणाला, "सर, ये नया है?"

म्हटलं, हो. १९२३ सालचा आहे.

त्याला वाटलं मी गंमत करतोय. मग मी त्याला सांगितलं की याचं अधिकृत नाव शिवाजी पूल आहे, पण शंभरी उलटून गेली तरी अस्सल पुणेकराला तो अजून नवाच. आणि थोडं पलीकडे जो लकडी पूल आहे त्यात औषधालाही लाकूड नाही. पेशवाईत तो लाकडाचा होता, मग दगडी झाला, पाटीवर त्याचं नाव संभाजी पूल आहे, आणि रिक्षावाला अजूनही "लकडी पुलावरून घेऊ का?" असंच विचारतो.

तो मुलगा हसला आणि म्हणाला, आपल्या कोडसारखंच आहे की! खरंच आहे. आमच्या प्रॉडक्टमध्ये 'सेंड फॅक्स' नावाचं एक फंक्शन आहे. ते गेली कित्येक वर्षं ईमेल पाठवतं. नाव बदलायची कुणाची छाती होत नाही, कारण त्याला कुठून कुठून बोलावलं जातं हे कुणालाच नीट माहीत नाही. पुण्याच्या पेठांमधून फिरताना मला नेहमी असंच वाटतं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात नळाने पाणी आणलं आणि पेठापेठांत हौद बांधले. आता फडके हौद म्हटलं की सिग्नल आठवतो, पाणी नाही. नावं राहतात, वस्तू जातात.

त्याला शनिवारवाड्याच्या दारात सोडलं आणि मी आत्याकडे गेलो. पण डोक्यात तेच चालू राहिलं, म्हणून आज रविवारी लिहायला बसलोय. गोष्ट आमच्या वाड्याची आहे. आणि खरं सांगायचं तर थोडी माझ्या एका चुकीची.

"आमचा वाडा" म्हणायची सवय आहे, पण तो आमचा कधीच नव्हता. आम्ही भाडेकरू. आजोबा १९३८ साली वाईहून नोकरीसाठी पुण्यात आले आणि शनिवार पेठेत नदीच्या बाजूला एका वाड्यात तीन खण घेऊन राहिले. भाडं महिना अकरा रुपये. वाड्यात कुणी सरदार-दरकदार राहिलेला नव्हता, दारावर नक्षी होती पण बेतास बात. मोठा दरवाजा, त्यात दिंडी, आत फरसबंदी चौक, चौकात आड, चारी बाजूंनी ओसरी, वर माडी, वर कौलं. मागच्या बाजूला सगळ्यांचे मिळून संडास. नऊ बिऱ्हाडं. बाबा तिथेच वाढले, मी सातवीपर्यंत तिथे होतो. मग बाबांनी कोथरूडला फ्लॅट घेतला आणि आम्ही निघालो. आत्या राहिली. तिने लग्न केलं नाही, महापालिकेच्या शाळेत शिकवलं, आजी-आजोबांचं शेवटपर्यंत केलं आणि ते तीन खण सांभाळले.

चौकातल्या एका सागवानी खांबावर खिळ्याने मारलेली एक रेघ होती. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही धरण फुटलं, आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. ते पाणी कुठवर आलं होतं ती ही खूण. आजोबांनी दुसऱ्या दिवशी चिखल तुडवत येऊन मारलेली. आत्या तेव्हा पंधरा वर्षांची होती. आमच्या गल्लीतले पाच-सहा वाडे त्या दिवशी बसले, म्हणजे अक्षरशः खाली बसले. कारण भिंतींत माती होती आणि माती पाण्यात विरघळते. शेजारची कितीतरी घरं मग गोखलेनगर-लोकमान्यनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत गेली ती परत आलीच नाहीत. आमचा वाडा उभा राहिला. का राहिला ते देव जाणे.

लहानपणी मी दर वर्षी त्या रेघेशी उंची मोजायचो. ज्या वर्षी रेघेच्या वर गेलो त्याच वर्षी आम्ही वाडा सोडला.

आता मुद्द्यावर येतो.

२०१८ मध्ये मालकांनी वाडा बिल्डरला द्यायचं ठरवलं. प्रत्येक भाडेकरूला त्याच जागेवर नव्या इमारतीत मालकीचा फ्लॅट, तोपर्यंत दुसरीकडे राहायचं भाडं बिल्डर देणार. सगळ्यांच्या सह्या हव्या होत्या. आत्याने मला फोन करून विचारलं, "काय करू रे?"

मी सांगितलं, "इतक्यात सही करू नकोस."

मला तेव्हा वारशाचं वेड लागलं होतं. दर रविवारी सकाळी कॅमेरा घेऊन पेठांमधून हिंडायचं, पडके वाडे, कोनाडे, गंजलेल्या कड्या यांचे फोटो काढायचे, 'हे सगळं संपणार' म्हणून हळहळायचं आणि मग हॉटेलात मिसळ खाऊन बाणेरला परतायचं. बाणेरला माझा अकराव्या मजल्यावर फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, जनरेटर आहे. हा विरोधाभास तेव्हा मला दिसला नाही. मी वारसा यादीबद्दल चौकशा केल्या, एका आर्किटेक्ट मित्राला नेऊन मोजमापं घेतली, मालकांना एक लांबलचक ईमेल लिहिली की वाडा दुरुस्त करून कसा ठेवता येईल.

मालकांनी मला घरी बोलावलं. सत्तरीतले गृहस्थ. चहा दिला आणि एक वही समोर ठेवली. नऊ बिऱ्हाडांचं मिळून महिन्याचं भाडं साडेपाचशेच्या आसपास. आत्याचं बासष्ट रुपये, टॅक्स धरून. मी त्या आठवड्यात ऑफिसच्या खालच्या कॅफेत एका कॉफीला दीडशे रुपये दिले होते. मालक म्हणाले, "कौलं परतायला माणूस आला की एका दिवसाची मजुरी आठशे. म्हणजे महिन्यात एक दिवससुद्धा माणूस लावणं परवडत नाही. आता तुम्हीच सांगा."

घरी येऊन मी थोडं वाचलं. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली, आणि ती कुठल्या तारखेची? १ सप्टेंबर १९४० ची. हेतू चांगलाच होता. महायुद्धानंतर आणि फाळणीनंतर शहरांत जागा मिळेना, घरमालकांनी मनमानी करू नये म्हणून हा कायदा. पण तो मुदतवाढ घेत घेत अर्धशतक चालला. १९९९ चा नवा कायदा मार्च २००० अखेर लागू झाला तेव्हा वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली. अकरा रुपयांच्या भाड्यावर ४ टक्के म्हणजे चव्वेचाळीस पैसे.

म्हणजे पेठांतले वाडे इतकी वर्षं टिकले ते पुणेकरांना इतिहासाचं प्रेम होतं म्हणून नव्हे. भाडेकरूला सोडणं परवडत नव्हतं आणि मालकाला दुरुस्त करणं परवडत नव्हतं, म्हणून टिकले. आणि ज्या कारणाने टिकले त्याच कारणाने पोखरले गेले. दर पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते, त्यांच्यामागचं गणित बहुतेक वेळा हेच असतं.

हे सगळं कळूनही मी आत्याला "कर सही" म्हणालो नाही. म्हटलं बघू, काहीतरी मार्ग निघेल. बाकी आठ सह्या झाल्या होत्या. नववी माझ्यासाठी अडली होती.

जुलै २०१९. रात्री दोन वाजता आत्या संडासला जायला निघाली. पाऊस, लाइट गेलेले, लाकडी जिना फुगलेला. वरून तिसरी पायरी निसटली आणि ती खाली चौकापर्यंत आली. खुब्याचं हाड मोडलं. वय ७३.

मला फोन आला तो शेजारच्या काकूंचा, अडीच वाजता, आणि तोही हॉस्पिटलमधून. म्हणजे आत्या पडल्यापासून अर्ध्या तासात तिला उचलून, दिंडीतून बाहेर काढून, रिक्षात घालून नेलंसुद्धा होतं. आत्या ओरडली आणि चौकातले चार दरवाजे एकदम उघडले. चौकात आवाज लपत नाही. त्याचा लहानपणी आम्हाला फार त्रास व्हायचा, कुणाच्या घरी काय भांडण झालं ते सगळ्यांना कळायचं.

त्या रात्रीचा मी पुष्कळ विचार केलाय. वाड्याने तिला पाडलं हे खरं आणि वाड्यानेच तिला उचललं हेही खरं. या दोन्ही गोष्टी एकाच वास्तूच्या आहेत आणि एक टाकून दुसरी ठेवता येत नाही. निदान बासष्ट रुपयांत तरी नाही.

आत्याने मला बोलून दाखवलं नाही. आजतागायत नाही. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी पलंगावर बसून एवढंच म्हणाली, "ते कागद घेऊन ये." मी घेऊन गेलो. तिने शाळेतल्या हजेरीपटावर करायची तशी स्वच्छ सही केली.

मग करोना आला, सगळं थांबलं. २०२१ च्या जानेवारीत वाडा उतरवला. वाडा पाडत नाहीत, उतरवतात, हे मला तेव्हा कळलं. आधी कौलं, मग कडीपाट, मग तुळया, खांब, दरवाजे. सागवान सुटं करून एका ट्रकमध्ये भरून गेलं. जुन्या लाकडाला चांगला भाव येतो. माती मात्र कुणी नेत नाही. शेवटी चौकात पांढऱ्या मातीचा ढीग उरला आणि आडावर स्लॅब पडला. ज्या वाड्याला आम्ही ऐंशी वर्षं चिकटून होतो तो तीन आठवड्यांत संपला.

त्यानंतर एकदा टीमबरोबर बाणेर रस्त्यावरच्या एका हॉटेलात गेलो होतो. तिथे प्रवेशाला वाड्याचा जुना दरवाजा लावलाय, कड्या-दिंडीसकट. आत पिठलं-भाकरी साडेतीनशे रुपये. तो दरवाजा आमचा नव्हता, मी नीट पाहिला. पण कुणाचा तरी होताच.

तुम्ही म्हणाल, मग झालं ते वाईट की चांगलं? मला अजून एका वाक्यात सांगता येत नाही. पण एक गोष्ट कळली. मी ज्याला 'जुनं पुणं' म्हणून रडत होतो ते काही अनादि नव्हतं. शनिवारवाड्याचा पाया १७३० साली घातला गेला आणि १८२८ च्या आगीत आतला वाडा जळून गेला. म्हणजे तो पुरता शंभर वर्षंही उभा नव्हता. आज आपण बघतो ते तट, दरवाजे आणि जोती. १८७९ च्या आगीत बुधवारवाडा गेला, विश्रामबागवाड्याचा पुढचा भाग जळाला आणि तो लोकवर्गणीची भर घालून पुन्हा उभा केला. आत्ताचा लाल महाल महापालिकेने १९८० च्या दशकात बांधला, शिवाजी महाराज राहिले ती इमारत ही नव्हे. शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरणारी मंडई उचलून १८८६ च्या सुमारास आजच्या इमारतीत नेली. त्या इमारतीवरच्या खर्चाला जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला होता, आणि आज ती महात्मा फुले मंडई आहे! आणि ज्या भिडेवाड्यात सावित्रीबाई आणि जोतीरावांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली, तो कोर्टात वर्षानुवर्षं अडकून पार मोडकळीला आला आणि अखेर डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडावा लागला. इतक्या मोठ्या वास्तूची ही कथा, तर आमच्या नऊ बिऱ्हाडांच्या वाड्याला कोण विचारतो?

तेव्हा शहर बदलतं याचं मला आता तेवढं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते आपण काय मोजलं आणि काय मोजलं नाही याचं. करारात प्रत्येकाच्या खोलीचे चौरस फूट अगदी बिनचूक मोजले होते. चौक कुणाच्याच नावावर नव्हता म्हणून तो मोजला गेला नाही. रस्त्याकडेचा ओटा कुणाचाच नव्हता, तोही गेला. पूर्वी आमच्या गल्लीत घराच्या आणि रस्त्याच्या मध्ये ओटा असायचा. त्यावर म्हातारी माणसं बसायची, पोस्टमन टेकायचा, आम्ही पोरं पत्ते खेळायचो. आता नव्या इमारतीला नियमाप्रमाणे रुंदीकरणाची जागा सोडून मागे सरावं लागतं आणि तळमजला पार्किंगला द्यावा लागतो. त्यामुळे गल्ली बघाल तर एक इमारत पुढे, एक मागे, मध्ये एखादा टेकू लावलेला वाडा. दुधाचे दात पडत असलेल्या पोराच्या तोंडासारखी. रस्ता काही रुंद झाला नाही, कारण सगळ्या इमारती एकदम मागे सरत नाहीत. सुटलेल्या जागेत फक्त स्कूटर लागतात.

२०२४ मध्ये आत्याला ताबा मिळाला. चौथा मजला, स्वतःचं संडास-बाथरूम, चोवीस तास लिफ्ट. पहिल्या दिवशी तिने मला बाथरूम दाखवलं, एखाद्याने देवघर दाखवावं तसं. भिंतीला धरायला दांडी बसवून घेतलीये. मला म्हणाली, "पंचाहत्तर वर्षं मी रात्री पाणी प्यायला घाबरत होते, माहितीये तुला?" मला माहीत नव्हतं. माझ्या शेकडो फोटोंपैकी एकातही ते आलं नव्हतं.

त्याच वर्षी २९ सप्टेंबरला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट भुयारी मेट्रो सुरू झाली. आत्या आता काठी घेऊन हळूहळू कसबा पेठ स्टेशनला जाते आणि मंडईला उतरून भाजी घेऊन येते. एक स्टेशन! म्हटलं, रिक्षाने जा की. तर म्हणाली, "जमिनीखालून जायला मजा येते."

पण तिच्या शेजारी कोण राहतं ते मला अजून माहीत नाही. जुन्या नऊ बिऱ्हाडांपैकी पाचांनी फ्लॅट विकले किंवा भाड्याने दिले. समोरच्या फ्लॅटमध्ये तीन आयटीवाले पोरगे राहतात, दार बंद असतं. म्हणजे माझ्यासारखेच. मी आत्याला मोबाइल गळ्यात अडकवायला लावलाय आणि रोज रात्री नऊला फोन करतो. चार दरवाज्यांचं काम एका फोनवर काढायचा हा प्रयत्न आहे. ते पुरेसं नाही हे तिलाही कळतं आणि मलाही. परवा जाताना मी समोरची बेल वाजवली, त्या पोरांना माझा नंबर दिला आणि त्यांचा घेतला. एक जण नांदेडचा निघाला. म्हणाला, "दादा, आजी कधी काही मागतच नाहीत." म्हटलं, मागणार नाहीत, तुम्हीच मधूनमधून विचारत जा.

आणि हो, ती पानशेतची रेघ. खांब ट्रकमधून गेला तेव्हा मला फार चुटपुट लागली होती. परवा पार्किंगमध्ये गाडी लावली तर समोरच्या कॉलमवर लाल ऑइलपेंटची एक आडवी रेघ आणि खाली '१२-७-६१'. आत्याने वाडा उतरवण्याआधी टेपने खांब मोजून ठेवला होता. पाच फूट चार इंच. नंतर रंगाऱ्याकडून करून घेतलं. मी म्हटलं, "अगं आत्या, पण नवीन जोतं दीड फूट वर उचललंय. रेघ चुकीची आहे."

"तू इंजिनिअर ना?" ती म्हणाली. "मग वजाबाकी कर."

असो. तुमच्यापैकी कुणाचे आजी-आजोबा, काका, आत्या अजून अशा वाड्यात राहत असतील तर कॅमेरा घेऊन जरूर जा. पण आधी त्यांना एवढं विचारा की रात्री दोनला उठावं लागलं तर काय करता. मग काय ठेवायचं आणि काय सोडायचं ते त्यांनाच ठरवू द्या. मी उलट्या क्रमाने गेलो.

निघताना आत्याने डबा दिला आणि लिफ्टपर्यंत सोडायला आली. दार बंद होता होता म्हणाली, "पुढच्या शनिवारी लवकर ये वाड्यावर. आणि त्या लखनौच्या मुलालाही आण, बिचारा जेवायचा राहिला असेल."

चौथा मजला, फ्लॅट नंबर ४०२. वाड्यावर.